पालथी किटली

अजिनाथवर कुणी काही लिहावं असं त्याच्यात काय आहे, हे त्यालाच विचारा. तो हसून तुम्हाला चहा पाजील आणि विषय बदलील. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एक अरुंद रस्ता वस्त्या वेचत डोंगरात जातो. त्या रस्त्यावर अजिनाथ दुधाची पिकअप चालवतो. पहाटे रिकामी गाडी घेऊन पार शेवटच्या टोकाला जायचं आणि उतरताना वस्तीवस्तीवर थांबत दूध गोळा करायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. सगळ्यात शेवटचा थांबा त्याच्या स्वतःच्या घराचा. तिथं त्याची आई बनुबाई किटली घेऊन उभी असायची, आणि हिवाळ्यात लेकाला बघितलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "घसा बसला का रं?"

आता हा घशाचा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं. थांब्याथांब्यावर बोंबलत बसायला नको म्हणून अजिनाथनं लग्नाआधीच आपला आवाज भरून घेतला होता. "दूधगाडी आली हो, दूधगाडी. किटल्या घेऊन या." केबिनच्या मागं फळीच्या पेटीत स्पीकर, आत टेप, बटण दाबलं की झालं. स्पीकर बसवला होता तालुक्याच्या अकोले गावातल्या जैनुद्दीननं. गाड्यांना टेप-स्पीकर बसवणं हा त्याचा धंदा, आणि सल्ले देणं हा जोडधंदा. त्यानं बजावलं होतं की बाबा, तुमच्या डोंगरातली थंडी वाईट. थंडीत स्पीकरच्या पडद्याची कड वाळल्या चामड्यासारखी ताठ होते. आधी आवाज बारीक ठेव, पडदा हलून हलून मऊ पडला की मग वाढव.

अजिनाथला एवढा धीर कुठला. एका पौषात, दातावर दात वाजत असताना, त्यानं बसल्याबसल्या बटण पुरतं फिरवलं आणि पडद्याची कड टर्रकन फाटली. तेव्हापासून त्या स्पीकरची तऱ्हाच निराळी. उन्हाळ्यात फाटकी कड मऊ पडून मिटायची आणि आवाज बरा यायचा. थंडीत मात्र कड ताठ, खालचा भरीव सूर गायब, आणि वर नुसता चिरका, घोगरा आवाज. बराच वेळ वाजत ठेवला की हळूहळू मोकळा व्हायचा, पण दोन थांब्यांमध्ये वारा लागला की पुन्हा तेच. वस्तीवरची माणसं म्हणायची, अजिनाथच्या गाडीला खोकला झालाय.

बनुबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि सांगून पटलंही नसतं. तिच्या लेखी लेकाचा घसा दर हिवाळ्यात बसायचा. वरच्या वळणावरून तो घोगरा आवाज आला की ती चुलीवर गवती चहा, आलं, तुळस उकळायला टाकायची. अजिनाथनं हजारदा सांगितलं असेल की आई, तो मी नव्हं, स्पीकर हाय. ती म्हणायची, असू दे, पिऊन टाक. आणि तो मुकाट पिऊन टाकायचा.

दुसरी गोष्ट पालथ्या किटलीची. या रस्त्यावर दूध उचलणाऱ्या गाड्या दोन. ज्यांचं दूध ज्या गाडीला, त्यांचं त्याच गाडीला. या बाबतीत या लोकांइतकी हट्टी माणसं शोधून सापडायची नाहीत. परक्या गाडीचा आवाज आला की बांधावरची किटली सरळ पालथी घालायची. म्हणजे थांबू नको बाबा, इथं तुझं काम नाही. तोंडानं नाही म्हणायची कुचंबणा नको, भांडणही नको. ड्रायव्हर इतके सरावलेले, की पालथी किटली दिसली की पाय ब्रेककडे जातच नाही.

तर अशी ही बनुबाई, आणि एका पावसाळ्यात तिला विसर पडायला लागला. आधी मिठाची बरणी, मग वार, मग माणसं. नवरा आसाराम जाऊन वर्षं लोटली तरी ती त्याच्या नावाची भाकरी झाकून ठेवायची. सुनेला, रुपालीला, कधी आपली बहीण समजायची. लेकाकडेही दिवसभर पाहुणा आल्यासारखी बघायची, पदर सावरून बसायची. पण गारवा पडायला लागल्यावर पहाटे गाडी आली की तिला सगळं लख्ख आठवायचं. घसा बसला का रं, म्हणायची, आणि त्या एका वाक्यावर अजिनाथ पुढचा दिवस काढायचा.

मग दिवाळी आली आणि अजिनाथला हौस सुचली. जैनुद्दीनकडून त्यानं नवे स्पीकर बसवून घेतले. आवाज असा खणखणीत की पल्याडच्या डोंगरावरून परत यावा. लोकांनी वाहवा केली. तोही खूश झाला, का नाही होणार? मात्र त्याच दिवसांत आईनं त्याला पहाटे ओळखणं बंद केलं. अजिनाथ कवा यील, असं ती अजिनाथलाच विचारायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार असाच वाढत जातो, मनाची तयारी ठेवा. त्यानं मनाची तयारी ठेवली. दोन आणि दोन चार करायला कुणाला सुचलं नाही, त्यालाही नाही.

पौषातल्या त्या दिवशी गारठा असा होता की गवतावरचं दव पांढरंफटक पडलं होतं, मिठासारखं. अजिनाथ दूध गोळा करीत उतरत आला तर घराच्या थांब्यावर रुपाली एकटीच, तीही अनवाणी. आत्या घरात न्हाईत, म्हणाली. अंथरूण गार पडलं होतं. घोंगडी घरातच होती. कोपऱ्यातली जुनी किटली तेवढी दिसत नव्हती.

माणसाला अशा वेळी आधी पाणीच आठवतं. अजिनाथनं विहिरीत वाकून बघितलं, ओढ्याच्या डोहात बघितलं, धरणाच्या पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटेनं धावत जाऊन आला. पाणी तसंच वाफाळत पडलं होतं, त्यात काही नव्हतं, आणि काही नाही याचा आनंद करायलाही त्याला उसंत नव्हती. नेसत्या लुगड्यानिशी गेलेली सत्तरीपलीकडची बाई अशा थंडीत किती वेळ टिकेल, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घण घालत होता.

रुपालीला गाडीत घेऊन तो पुन्हा वर निघाला. टेप लावला, आवाज पुरता मोठा केला. सगळा डोंगर त्याच्या आवाजानं भरून गेला. दूधगाडी आली हो, दूधगाडी. मधेच काच खाली करून तो स्वतः आईला हाका मारी. वस्त्यांवरची माणसं कानटोप्या घालून बाहेर आली, चार जण बॅटऱ्या घेऊन ओढ्यानं गेले, काकासाहेब म्हाताऱ्यानं देवापुढं उदबत्ती लावली. वरच्या टोकापर्यंत जाऊन गाडी वळली तरी बनुबाईचा पत्ता नाही. परतीच्या वाटेवर अजिनाथला रडू फुटलं. गाडी थांबवून, स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हणाला की एवढा कानठळ्या बसवणारा टेप लावलाय, आईला ऐकूसुद्धा येत नसंल का?

रुपाली मघापासून काहीतरी घोळवत होती. तिनं हळूच विचारलं, "जाताना जुन्या उंबराखाली किटली हुती. ती कोनाची?"

किटली अजिनाथनंही बघितली होती. एकदा नव्हे, दोनदा: पहाटे दूध घेऊन उतरताना आणि आत्ता वर जाताना. उंबराखालच्या दगडावर पालथी. पालथी दिसली म्हणून डोळ्यांनी तिला सोडून दिलं आणि पायानं गाडी पुढं काढली. सवय मेली! उंबराचा थांबा तर कधीचाच मोडला होता. त्यांचं जुनं घर वर होतं तेव्हाचा तो थांबा, घर खाली बांधल्यापासून तिथं कुणी थेंबभर दूध घेऊन उभं राहत नव्हतं. तिथं किटली असायचं कारणच काय होतं?

गाडी उंबराखाली आली तेव्हा किटली नव्हती. दगडावर सगळीकडे पांढरं दव, आणि मधोमध किटलीच्या तोंडाएवढा काळा कोरडा गोल. अजिनाथनं त्या गोलावर हात ठेवला. मग तो आणि रुपाली हाका मारत सुटले. आई, ए आई! आत्या! दगडापासून पुढं गवत तुडवल्याची खूण होती ती कारवीच्या झुडपांत जाऊन हरवत होती, आणि कारवीपलीकडे घळ. त्या बाजूला बिबट्या फिरतो हे पोरासोरांनाही माहीत. हाकेला हाक येत होती ती समोरच्या कड्याची.

शेवटी रुपालीनं जे पोटात ठेवलं होतं ते सांगितलं. दिवाळीपासून गाडीचा आवाज आला की आत्या घरच्या थांब्यावरची किटली पालथी घालत होत्या. ही परक्याची गाडी हाय, म्हणायच्या. आमचा अजिनाथ असा बोलत न्हाई, त्याचा घसा बसल्याला असतो. नवऱ्याच्या जिवाला लागेल म्हणून रुपाली गाडी यायच्या आत किटली गुपचूप सुलटी करून ठेवायची. हे सांगताना तिला नवऱ्याकडे बघवत नव्हतं.

तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडायला त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि त्याला एकदम सगळं कळलं होतं. तो इतका वेळ आईला शोधत नव्हता, हाकलत होता. जेवढा मोठा आवाज लावला तेवढी ती परक्या गाडीपासून लांब सरली होती. रुपालीला तिथंच थांबवून तो गाडी घेऊन घराकडे सुटला. जुना स्पीकर गोठ्यात पडला होता, पेटीसकट, कडब्याच्या पेंढ्यांमागं. तो उचलला, घरातली घोंगडी गाडीत टाकली, परत येऊन उंबराखाली गाडी लावली, नव्या स्पीकरच्या तारा दातांनी सोलून जुन्याला पिळल्या आणि बटण दाबलं.

दूधगाडी आली हो, दूधगाडी.

आवाज मोकळा आला. स्वच्छ, गोल, उन्हाळ्यातला. अजिनाथनं पेटीवर हात ठेवला तर ती कोमट होती. रात्रभर चार म्हशींच्या उबेत पडून होती, मग गार कुठून असणार? त्यानं झटकन टेप बंद केला. जैनुद्दीनचे शब्द आत्ता, एवढ्या वर्षांनी, कानात घुमायला लागले. थंडीत पडद्याची कड ताठ होते. म्हणजे तो ताठ व्हायला हवा तर गारठू द्यायला हवा, आणि गारठायला वेळ लागणार.

पेटी त्यानं सावलीतल्या त्या पांढऱ्या दगडावर उघड्या तोंडानं ठेवली आणि शेजारी उकिडवा बसला. असं बसणं वैऱ्यावर येऊ नये. आई घळीत कुठंतरी कुडकुडतेय आणि लेक इथं स्पीकर गार व्हायची वाट बघतोय. घळीवरून वारा आला की त्याला वाटायचं, ये बाबा, अजून जोरात ये, पडदा गारठव. आणि त्याच क्षणी वाटायचं की हाच वारा आईच्या अंगावरून आलाय. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन पडलं आणि इंचाइंचानं खाली सरकायला लागलं. आईसाठी ते ऊन हवं होतं, आणि स्पीकरसाठी नको. देवाजवळ नेमकं काय मागावं ते त्याला समजेना. रुपाली पदराचा बोळा तोंडाशी धरून कारवीकडे बघत उभी होती. एकदा तो उठून घळीकडे पळाला, पुन्हा परत आला. पेटीला हात लावून बघितला. अजून थोडं, म्हणाला, अजून थोडं.

पडद्याची कड बोटाला कडक लागली तेव्हा त्यानं बटण दाबलं. जैनुद्दीननं जे करू नको म्हणून सांगितलं होतं तेच पुन्हा केलं, आवाज एकदम पुरता मोठा. पेटीतून खरखर आली, मग तो फाटका, चिरका, घोगरा आवाज. दूधगाडी आली हो. अजिनाथला स्वतःचाच तो आवाज ऐकून भडभडून आलं. एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. आता पडदा मऊ पडणार म्हणून तो बटणाकडे हात नेतोय, तेवढ्यात कारवी हलली.

बनुबाई बाहेर आली. एका हातात किटली, दुसरा हात पदराखाली. ओठ निळे पडले होते, पायातून रक्त येत होतं, पण चालणं मात्र नेहमीचं, तुरुतुरु, गाडी सुटेल म्हणून घाईनं निघालेल्या बाईचं. ती सरळ लेकाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"घसा बसला का रं?" म्हणाली. "लई येळ केलास. ती परकी गाडी दोन बार येऊन गेली, कसली वराडत हुती. म्या किटली पालथी घातली आनि जाऊन बसले आत."

पदराखालून तिनं एक छोटा डबा काढून त्याच्या हातात दिला. गवती चहा, आलं, तुळस. पहाटे चुलीवर उकळून घेतलं असणार, कारण राखेत धग होती असं रुपालीला मागाहून आठवलं. डब्यातलं पाणी बर्फासारखं गार झालं होतं. अजिनाथनं डबा तोंडाला लावला आणि सगळं पिऊन टाकलं.

तिला घोंगडीत गुंडाळून दोघांच्या मधे बसवलं आणि गाडी दवाखान्याकडे निघाली. स्पीकर मागं वाजत ठेवला होता, कारण आई अजिनाथचा दंड धरून बसली होती आणि तो बंद करायची त्याची छाती होत नव्हती. ती त्याला सांगत होती की थंडीचं ओरडत जाऊ नको, मफलर बांधत जा, तुझ्या बापाचाही घसा असाच बसायचा. डोंगर उतरता उतरता गाडीवर ऊन आलं. मागचा आवाज आधी थोडा मोकळा झाला, मग आणखी. बनुबाईची बोटं त्याच्या दंडावरून हळूहळू सैल झाली. तिनं त्याच्याकडे वळून बघितलं, मग पदर डोक्यावर घेतला आणि रुपालीच्या बाजूला सरकून बसली. रुपालीला तिनं दबक्या आवाजात विचारलं की बाई, ही गाडी कोनाची?

त्यानंतर नवे स्पीकर गेले आणि जुना जागेवर बसला. आई वाचली. पायाच्या दोन बोटांना इजा राहिली, पण वाचली. सगळा पौष आणि माघ अजिनाथची गाडी पुन्हा खोकत फिरली आणि लोकांनी पुन्हा थट्टा केली. घराच्या थांब्यावर तो मोजकंच वाजवायचा, खरखर आहे तोवर. तेवढ्या वेळापुरती त्याला आई असायची. घसा बसला का, मफलर कुठाय, दूध आज कमी का. मग पडदा मऊ पडायच्या आत तो बटण दाबून निघून जायचा, म्हणजे तिच्या डोळ्यांतलं ते परकेपण बघावं लागत नसे.

पण थंडी काय कुणाच्या बापाची आहे? दुपारी ऊन चावायला लागलं तसा तो अकोल्याला जैनुद्दीनकडे गेला आणि म्हणाला, हा आवाज उन्हाळ्यातही असाच घोगरा राहील असं काहीतरी कर. जैनुद्दीन म्हणाला की माझ्याकडे लोक आवाज सुधारायला येतात, बिघडवायला तू पहिलाच. मग अजिनाथनं सगळं सांगितलं आणि त्या बडबड्या माणसानं एकही सल्ला न देता पेटी उघडली. त्यानं खटपट केली. पडद्याला कागद लावून बघितला, कड आणखी चिरून बघितली, अजिनाथनं मुद्दाम घसा खरवडून नवा आवाज भरला. कशातच तो आवाज नव्हता. जैनुद्दीननं हात जोडले. "थंडी माझ्या दुकानात मिळत न्हाई रे भाऊ," म्हणाला.

आपल्याकडे म्हणतात, होळी जळाली, थंडी पळाली. शिमग्याला वस्तीनं होळी पेटवली, माणसं हौसेनं बोंबा मारत होती, पुरणपोळीचा नैवेद्य होता. अजिनाथ जाळाकडे पाठ करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवेत गारवा नावाला होता. वरच्या वळणावर त्यानं बटण दाबलं आणि दूधगाडी आली हो ही अक्षरं स्वच्छ आली, उन्हाळ्यातल्यासारखी. घराच्या थांब्यावर आई उभी होती. तिनं आवाजाकडे कान दिला, क्षणभर दिला, आणि खाली वाकून किटली पालथी घातली.

आजवर पालथ्या किटलीपुढं त्यानं गाडी थांबवली नव्हती. त्या दिवशी थांबवली. उतरून तो तिच्यासमोर उभा राहिला, तर ती अदबीनं दोन पावलं मागं सरली.

"आमचं दूध आमच्या लेकाच्या गाडीला जातं, दादा," बनुबाई म्हणाली. "यीलच तो आता."

अजिनाथनं मान हलवली.

"बरं, मावशी," तो म्हणाला, आणि गाडी पुढं घेतली.